सातव्या डबीवरची दुसरी सही

उद्या दुपारी चार वाजता राळबाईंचा निरोप समारंभ आहे आणि त्यांच्याबद्दल 'दोन शब्द' लिहून वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कार्यालयातून निरोप आला, "तुम्ही भांडारवाले, बाई तुमच्या समोरच्या खोलीत. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखणार?" असली भाषणं मी आजवर अकरा जणांसाठी लिहिली आहेत. कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख, संस्थेची कधीही भरून न येणारी हानी. मजकूर तोच, नाव तेवढं बदलायचं. एकदा बदलायला विसरलो आणि ड्रायव्हरच्या निरोपाला माळीबुवांचं कौतुक वाचून दाखवलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ड्रायव्हरने तर डोळे पुसले.

या वेळी 'कष्टाळू' लिहिलं आणि पेन पुढे जाईना. बाईंबद्दल खरं सांगायचं तर सातव्या डबीबद्दल सांगावं लागतं, आणि त्या डबीबद्दल मी नऊ वर्षं मिठाची गुळणी धरून बसलोय.

उद्या बाईंच्या घरचेही येणार, म्हणून आधी काम सांगतो. आमची संस्था ध्रुवाकडच्या समुद्रातल्या सीलवर नजर ठेवते. कोणती सील हिवाळ्यात कुठवर जाते, किती खोल बुडी मारते, किती वेळ श्वास धरते, हे सगळं वरच्या मजल्यावर कळतं. कळतं कसं, तर तळघरात तयार होणाऱ्या डबीमुळे. साबणाच्या वडीएवढी डबी, वर बोटभर तार. जहाज बर्फापर्यंत जातं, डॉक्टर सीलला गुंगीचं औषध देतात, आणि डबी तिच्या डोक्यावरच्या केसांना चिकटवतात. वर्षाने सील केस टाकते तेव्हा डबीही गळून पडते. तोवर सील जेव्हा जेव्हा श्वास घ्यायला डोकं वर काढते, तेव्हा डबी उपग्रहाला सांगते की मी इथे आहे आणि एवढ्या खोल जाऊन आले.

डबीत पाणी शिरू नये म्हणून आतले सगळे भाग राळेत बुडवून घट्ट करायचे असतात. ते काम बाईंचं, म्हणून त्या राळबाई. मूळ नाव हजेरीपटावर असेल. मला विचाराल तर मलाही आठवायला दोन मिनिटं लागतील.

त्यांची खोली तळघरात, बारा पावलं लांब आणि सात रुंद. राळेच्या वासाने डोकं धरतं म्हणून एक पंखा कायम घरघरत असतो, त्यामुळे आत बोलायचं तर ओरडून. खिडकी एकच, छताला लागून, आणि ती उघडते फुटपाथच्या पातळीवर. बाहेरच्या जगातले फक्त पाय दिसतात. बाई माणसं बुटांवरून ओळखायच्या. "मॅडम आज रागात आहेत, टाचा आपटत गेल्या," असं त्या मोहिमांचा कारभार बघणाऱ्या आमच्या मॅडमबद्दल सांगायच्या आणि अर्ध्या तासात वरून आरडाओरडा ऐकू यायचा.

घरही असंच. संस्थेच्या वसाहतीत दोन खोल्या. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनात, वर्षातले दहा महिने पाण्यावर. घरी सासूबाई. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. बाई सकाळी आठला तळघरात उतरायच्या, पाचला वर यायच्या, भाजी घेऊन साडेपाचला घरी. एकदा त्यांनी हिशेब मांडून दाखवला होता की वसाहत ते तळघर हे अंतर चालून आजवर त्या ध्रुवापर्यंत पोचल्या असत्या. "पण वळण घेत राहिले ना भाऊ, म्हणून इथेच आहे." आणि स्वतःच हसल्या.

चौदा वर्षं डब्या करूनही त्यांनी सील पाहिली नव्हती. जहाजावर दर खेपेला एक तंत्रज्ञ नेतात. बाई दर वर्षी अर्ज करायच्या आणि दर वर्षी वरच्या मजल्यावरचा कुणीतरी जायचा. सासूबाईच उलट म्हणायच्या, "या खेपेला भांड त्यांच्याशी आणि जा. मी काही लगेच मरत नाही, आणि मेलेच तर बर्फ घेऊन ये, तोवर टिकेन." सातव्या डबीच्या वर्षी मॅडमनी कबूल केलं होतं की पुढच्या मोहिमेला नाव तुमचंच. बाईंनी लोकरीचे हातमोजेसुद्धा विणायला घेतले होते.

आता सातवी डबी.

डबीच्या डोक्यावर दोन खिळे असतात, गव्हाच्या दाण्याएवढे. खारं पाणी दोन्हींना लागलं की डबीला कळतं, आपण पाण्यात आहोत. पाणी ओघळून गेलं की कळतं, वर आलो, आता बोला. सगळा खेळ या दोन खिळ्यांचा. राळ ओतल्यावर ती मऊ असेपर्यंत खिळ्यांभोवतीची जागा सपाट पुसून घ्यायची असते, नाहीतर तिथे राळेची कड राहते. कड राहिली की वाटी तयार होते. वाटीत पाणी साचून राहिलं की डबी समजते आपण अजून पाण्यातच आहोत, मग डोक्यावर निळं आभाळ का असेना.

राळ कालवल्यापासून अठरा मिनिटं मऊ राहते. बाईंनी सातव्या डबीत राळ ओतली आणि खिशातला फोन वाजला. राळेच्या खोलीत फोन न्यायला सक्त मनाई. बाई नेत होत्या आणि मला ते माहीत होतं. पलीकडे सासूबाई होत्या. न्हाणीघराची कडी अडकली होती आणि त्या आत. फोन गळ्यात दोरीने बांधलेला, तोही बाईंनीच बांधलेला, म्हणून निदान बोलता तरी येत होतं.

मी दारातून ऐकत होतो. बाई पंख्याच्या वर ओरडत होत्या. "आई, बसून घ्या आधी. बादली पालथी घालून बसा!"

पलीकडून काय आलं ते बाईंनी नंतर सांगितलं. सासूबाई म्हणत होत्या, "बसायला सांगू नकोस, मला बाहेर यायचंय! चारही भिंती माझ्याकडे सरकतायत गं!"

"भिंती नाही सरकत आई. पाय घासायचा दगड घ्या. कडीवर खालून मारा. खालून, वरून नव्हे!"

नवव्या की दहाव्या दणक्याला कडी सुटली. बाईंनी फोन ठेवला तेव्हा बावीस मिनिटं झाली होती आणि सातव्या डबीच्या खिळ्यांभोवती कड धरली होती. त्यांनी पातळ पात्याने ती तासली, पण खिळे खरचटले तर डबीच वाया, म्हणून हात आखडता घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी. टेबलाखाली मिठाच्या पाण्याची बादली असते. डबी बुडवली की बारीक दिवा हिरवा होतो आणि वर काढली की चार आकडे मोजेपर्यंत तांबडा व्हायला हवा. सातवीचा झाला नऊ आकड्यांना. जहाजाकडे जाणारी गाडी बाहेर उभी होती. जास्तीची डबी नव्हती आणि नवी करायला दोन दिवस लागले असते. बाईंनी चिठ्ठीवर 'ठीक' लिहून सही केली.

आता खरी मेख. चिठ्ठीवर सह्या दोन लागतात. दुसरी सही करणाऱ्याने डबी स्वतः बुडवून, वर काढून, दिवा पाहायचा असतो. दुसरी सही माझी. पण माणूस किती वेळा बादलीत हात घालणार? मी दर मोहिमेआधी पंधरा-वीस कोऱ्या चिठ्ठ्यांवर एकदम सह्या करून गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवत असे. वरून म्हणायचो, "बाई, तुमच्यावर माझा डोळे मिटून विश्वास." डोळे मिटून, हे मात्र अगदी खरं होतं.

जहाज गेलं, परत आलं. वरच्या मजल्यावर भिंतीएवढ्या पडद्यावर नकाशा असतो, त्यावर दहापैकी नऊ सीलच्या नऊ रंगीत रेघा उमटायला लागल्या. हिवाळ्याबरोबर बर्फ पसरत जातो तशा त्या रेघाही किनाऱ्यापासून लांब लांब सरकत होत्या. एक तर आठशे किलोमीटर गेली. सातवीची रेघ नव्हती. सोडल्या जागी एक ठिपका होता, पुढे काहीच नाही.

बाई दर सोमवारी रिकामे डबे द्यायच्या निमित्ताने वर जायच्या आणि तो ठिपका पाहून यायच्या. मॅडमनी एकदा समजावून सांगितलं होतं की वर बर्फाचं छत धरतं तेव्हा सील एखादं श्वासाचं भोक दातांनी घासून घासून उघडं ठेवते. त्यात म्हणे दात झिजून जातात.

"आणि भोक बुजलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर वर येता येत नाही," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या कामाला लागल्या.

त्या दिवसापासून बाईंचं जेवण सुटलं. डबा उघडायच्या, झाकायच्या. मला वाटलं घरचं काही असेल. घरचंही होतंच. सासूबाईंनी दार बंद करणंच सोडलं होतं. न्हाणीघराचं दार उघडं ठेवून अंघोळ, आणि सुनेने बाहेर पाठ करून स्टुलावर बसायचं. घरी स्टूल, इथे स्टूल.

मग डॉक्टर खाली आले. सीलला गुंगीचं औषध देतात ते डॉक्टर, उंच, मितभाषी, जिना चढताना दोन दोन पायऱ्या घेणारे. त्या दिवशी एकेक पायरी उतरत आले, बाईंच्या खोलीत स्टुलावर बसले आणि कुणी न विचारता बोलायला लागले. मी दारात होतो.

"सातवीला मीच मारलं, बाई."

बाईंच्या हातातलं पातं खाली पडलं.

"बाकीच्या दहा मिनिटांत शुद्धीवर आल्या. हिला चाळीस मिनिटं लागली. मला वाटलं उठतेय, सरकली ना ती पाण्याकडे. अर्धवट गुंगीत गेली असणार आणि बर्फाखाली बुडाली. औषध जास्त झालं माझ्याकडून."

मॅडमनी अहवालात तसंच लिहायला घेतलं होतं. पुढच्या मोहिमेला दुसरा डॉक्टर शोधत होते. हे डॉक्टर कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखत देऊन आले होते. "कोंबड्या बऱ्या," ते म्हणाले. "त्या कुठे जातात आणि किती खोल जातात, कुणी विचारत नाही." हसायला गेले आणि जमलं नाही.

ते गेल्यावर बाईंनी दार लावलं. पंखा बंद केला, चौदा वर्षांत पहिल्यांदाच. मग मला सगळं सांगितलं: फोनपायी गेलेली बावीस मिनिटं, कड, नऊ आकडे. एक टाकाऊ डबी घेऊन मुद्दाम कड ठेवलेली दाखवली, बादलीतून काढून बर्फाच्या चुऱ्यात धरली. गारठ्यात कडेतलं पाणी ओघळेचना, दिवा हिरवा तो हिरवाच. "बघा भाऊ. ती वर येत असेल तरी ही डबी म्हणतेय पाण्यात. मेली असेल की नाही मला नाही माहीत. पण डॉक्टरांनी मारली म्हणतात ते माझ्यामुळे. मी उद्या वर जाऊन सांगते."

आणि तेव्हा मी काय बोललो, ते लिहितो. मी म्हणालो, "हात दाखवून अवलक्षण कशाला, बाई? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही सांगणार, मग ते विचारणार, फोन आत कसा. फोन काढून घेतील. मग म्हातारी पुन्हा अडकली तर? नोकरी गेली तर वसाहतीतलं घरही जाईल. आणि जहाज? पुढच्या खेपेला तुमचं नाव आहे. डॉक्टरांचं काय, शिकलेला माणूस, कुठेही पोट भरेल."

सगळं त्यांच्या काळजीचं बोललो. काळजी माझी होती. दुसरी सही माझी होती, आणि मी डबी पाहिली नव्हती. त्यांना म्हातारीची भीती घातली आणि स्वतः सुटलो. असा मी माणूस, आणि उद्या यांच्यावर दोन शब्द बोलणार.

माझ्या शब्दाखातर त्या आणखी एक महिना गप्प राहिल्या. मला तो महिना चांगला आठवतो. समोरासमोर दोन खोल्या, मधे पॅसेज. बाई दार उघडं ठेवून बसायच्या आणि खिडकीतून पाय बघायच्या. डॉक्टरांचे तपकिरी बूट गेले की मान खाली. मी भांडारात बसून नटबोल्ट मोजायचो, चुकायचो, पुन्हा मोजायचो. तळघर तेच, पण हवा पुरेना असं झालं होतं. एकदा मी उगाच वर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो, तर खाली खिडकीत बाईंचा चेहरा दिसला. त्या माझ्या बुटांकडे बघत होत्या.

मोहिमेच्या नावांची बैठक ठरली. त्या सकाळी बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बादली उचलायला मदत करा. माझ्या एकटीच्याने दोन मजले नाही जायची."

मी बादली उचलली. का, ते विचारलं नाही, कारण कळलं होतं. जिनाभर खारं पाणी सांडत आम्ही वर गेलो. बैठकीत मॅडम, डॉक्टर आणि आणखी चार जण होते. बाईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बादली ठेवली, बर्फाचा चुरा ठेवला, दोन डब्या काढल्या. एक पुसलेली, एक कडेची. दोन्ही बुडवून चुऱ्यात ठेवल्या. एक तांबडी झाली. दुसरी हिरवीच राहिली, सगळे बघत असताना पाच मिनिटं हिरवी राहिली.

"सातवी अशी होती," बाई म्हणाल्या. "मला माहीत होतं. डॉक्टरांच्या औषधाचा काही संबंध नाही. निदान ही डबी तरी तसं सांगत नाही."

मॅडमना आधी कळेचना. कळल्यावर त्यांचा आवाज चढला. "पाच महिने झाले! आणि तुम्ही हे आज सांगताय?"

"हो. आधी सांगायला हवं होतं. डबी बिघडवली ही एक चूक, गप्प बसले ही दुसरी."

"राळ ओतताना फोन आत का होता?"

"सासूबाई घरी एकट्या असतात."

डॉक्टर इतका वेळ त्या हिरव्या दिव्याकडे बघत होते. ते म्हणाले, "म्हणजे ती जिवंत असू शकेल?"

"मला नाही माहीत हो डॉक्टर. पण ती मेली, असं कुणाला म्हणता यायचं नाही."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पाच महिने ज्याला खुनी ठरवलं, त्याला रागवायलाही सुचलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती, आणि तो संन्यासी चोराच्या अंगावर ओरडायचं सोडून सीलबद्दल विचारत होता.

मग मॅडमनी सातव्या डबीची चिठ्ठी मागवली. "इथे दोन सह्या आहेत. दुसऱ्या माणसाने डबी तपासली नव्हती?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. विजारीचे पाय भिजलेले. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळायच्या आत बाई बोलल्या.

"तपासली होती भाऊंनी. मी त्यांच्यासमोर खिळ्यांवरचं पाणी फुंकून उडवलं आणि मग दिवा दाखवला. त्यांची चूक नाही. मी फसवलं त्यांना."

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं. पण त्यातून काही आलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बादलीत पडलेला वर्तमानपत्राचा तुकडा काढत बसल्या होत्या.

बाईंची नोकरी राहिली. राळेचं काम वर्षभर काढून घेतलं आणि त्यांना बसवलं कुठे, तर माझ्या भांडारात, लेबलं लावायला. माझ्यासमोर, चार हातांवर, रोज आठ तास. एका शब्दाने त्यांनी विषय काढला नाही. चहा आला की पहिला कप मला सरकवायच्या. मी तर म्हणेन त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोन दारातल्या पेटीत ठेवायचा नियम झाला. सासूबाईंचं कसं होणार म्हणून मी भीत भीत विचारलं, तर बाई म्हणाल्या, "आईंनी पेचकस घेऊन घरातल्या सगळ्या कड्याच काढून टाकल्या. म्हणाल्या, तू नोकरी कर, मला कडी नको. आता आमच्याकडे येणाऱ्याला खोकत खोकत फिरावं लागतं."

पुढच्या मोहिमेला डॉक्टर गेले. बाई नाही. ते का, ते शेवटी सांगतो.

डॉक्टर परतले तेव्हा जहाजावरून थेट तळघरात आले. दोन दोन पायऱ्या. हातात रुमालात गुंडाळलेली डबी. सीलच्या मागच्या परावर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, नंबराचा बिल्ला असतो. डॉक्टर रोज बर्फावर पसरलेल्या सीलमधून बिल्ले वाचत फिरत होते, मोहिमेतले लोक त्यांना वेडा म्हणायला लागले होते. एकोणिसाव्या दिवशी सात नंबर दिसला. केस टाकायला लागली होती. डबी एका झुबक्यावर लोंबत होती. शेजारी पिल्लू.

"माझ्यावर फुत्कारली," डॉक्टर म्हणाले. "इतकं बरं वाटलं म्हणून सांगू."

बाईंनी आपलीच राळ बारीक करवतीने कापली. मी डबी धरली. डबी कधी बोललीच नव्हती, त्यामुळे तिची बॅटरी संपली नव्हती, आणि प्रत्येक बुडी आत साठून राहिली होती. दहा महिन्यांच्या चौदा हजारांवर बुड्या. सगळ्यात खोल पाचशे ऐंशी मीटर, सगळ्यात लांब एकाहत्तर मिनिटं. इतकी तपशीलवार नोंद संस्थेला आजवर मिळाली नव्हती. वर मॅडम इतक्या खूश झाल्या की चूक कुणाची होती हेच विसरल्या. ती गेली कुठे होती ते मात्र कायमचं राहिलं, कारण जागा फक्त वर आल्यावर कळते, आणि डबीच्या मते ती वर आलीच नव्हती.

पडद्यावर रकाने होते. एका रकान्यात खोली शून्य, म्हणजे सील श्वास घेतेय. शेजारच्या रकान्यात 'पाण्यात'. पुन्हा शून्य, पुन्हा 'पाण्यात'. पानंच्या पानं तसंच. बाई बोट फिरवत वाचत राहिल्या.

"एवढ्या वेळा वर आलीस गं," त्या पडद्याला म्हणाल्या, "आणि माझी डबी एकदाही हो म्हणाली नाही." मग त्या रडल्या. डॉक्टरही रडले. मी करवत पुसत राहिलो.

उघडलेल्या डबीचीही चिठ्ठी करायची असते. बाईंनी लिहिली, सही केली आणि माझ्यापुढे सरकवली. "या वेळी वाचून करा, भाऊ," त्या म्हणाल्या. आवाजात टोचणी नव्हती. चार ओळींची चिठ्ठी मी दहा मिनिटं वाचली. त्यानंतर एकही डबी मी स्वतः बुडवल्याशिवाय गेलेली नाही. पण ते सांगून काय उपयोग.

आता जहाजाचं. सातवी सापडल्यावर डबीची चूक माफ झाली होती. गप्प बसल्याचीही झाली. पण बाईंच्या सेवापुस्तकात मॅडमनी त्या बैठकीनंतर एक शेरा मारला होता: 'तपासणी करणाऱ्या सहकाऱ्याची दिशाभूल केली.' बर्फावर माणसांचा जीव एकमेकांच्या शब्दावर असतो, म्हणून असा शेरा असलेल्या माणसाला जहाजावर घेत नाहीत. बाईंनी त्यानंतरही आठ वर्षं अर्ज केले. आठही तळघरात परत आले, भांडाराच्या टपालातून, म्हणजे माझ्या हातून. मी ते पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवायचो आणि म्हणायचो, "पुढच्या वर्षी बघू, बाई." त्या म्हणायच्या, "बघू की." लोकरीचे हातमोजे शेवटी त्यांनी सासूबाईंना दिले.

परवा कार्यालयात विचारून आलो. सेवापुस्तक उद्या पाच वाजता बंद होतं. त्याआधी चिठ्ठीवर दुसरी सही करणाऱ्याने, आपली दिशाभूल झाली नव्हती असं, स्वतः लेखी दिलं तर शेरा खोडता येतो, नंतर नाही. कारकून म्हणाला, "आता खोडून काय करणार? निवृत्तच तर होतायत." डॉक्टर आता मोहिमेचे प्रमुख आहेत. जहाज पुढच्या महिन्यात सुटतंय. निवृत्त माणसाला नेतात की नाही, मला माहीत नाही. नऊ वर्षांपूर्वी बाईंना नेणार होते, एवढं माहीत आहे.

उद्या बाई पहिल्या रांगेत असतील. शेजारी सासूबाई, सत्त्याऐंशीच्या, चाकाच्या खुर्चीत. मी वाचायला लागलो की बाईंना लगेच कळेल आणि त्या म्हणतील, "भाऊ, पुरे." त्यांचं कुणी ऐकू नका. 'कष्टाळू' मी खोडलंय. आता पहिलं वाक्य हे आहे: सातवी डबी मी तपासली नव्हती, हातातसुद्धा घेतली नव्हती.